पंख्याखालचे टेबल

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. दुपारी बाजार भरात आला की आसपासच्या उपाहारगृहांत पाय ठेवायला जागा नसते. तरीही सहकुटुंब आत शिरलेला गृहस्थ जेवणाआधी जागेचीच फर्माईश करतो. “अहो, जरा पंख्याखालचे टेबल बघा!” कुणाला फॅमिली रूम हवी असते, कुणाला हात धुण्याच्या मोरीपासून दूरचा कोपरा. हौस मोठी निरुपद्रवी; तिला हसू नये.

तेथून मग नांदेडला जावे. ज्या गोदाकाठी १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला, तेथल्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात बसावे. येथे मागायला टेबलच नाही! शेटजी आणि हमाल एकाच पंगतीत, मांडीला मांडी लावून. ही रीत गुरू नानकांपासूनची. तिसरे गुरू अमरदास यांच्या भेटीआधी अकबर बादशहालाही पंगतीत बसावे लागले, असे परंपरा सांगते.

आपल्याकडे मात्र कुणी कुठे बसायचे, हे जन्मच ठरवीत असे. चहाच्या दुकानात काहींसाठी कप निराळा आणि जागा दाराबाहेर! २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या १५व्या कलमाने सार्वजनिक उपाहारगृहाचे दार सर्वांना उघडले.

तेव्हा वाचकहो, पंख्याखालचे टेबल खुशाल मागा. शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, एवढे मात्र विचारू नका.