मुक्कामाचं ऋण

वोल्फगांग कोल्नेडर यांना मी कधी भेटले नाही. तरी नाटक कुणाकडून शिकलीस असं कुणी विचारलं, की हे नाव मी घेतेच आणि ऐकणारा बुचकळ्यात पडतो. हा कोण तुझा जर्मन गुरू?

१९८६ साली ते बर्लिनहून पुण्यात आले आणि इथल्या मराठी नटांना घेऊन त्यांनी ‘छान छोटे वाईट्ट मोठ्ठे’ बसवलं. मी तेव्हा साताऱ्यात प्राथमिक शाळेत होते आणि गॅदरिंगमध्ये राजकन्येच्या मागे चवरी घेऊन उभी राहत होते. बालनाट्य म्हणजे राजकन्या, राक्षस आणि चेटकीण, एवढीच माझी समज. त्या नाटकांवर माझा राग नाही. ‘अलबत्या गलबत्या’तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण ज्यांनी पाहिली, ते अजून तिच्याबद्दल बोलताना खुलतात. पण आपल्या घरात, आपल्या वाड्यात घडतं ते मुलांच्या नाटकात येऊ शकतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

ते ठाऊक असलेली माणसं पश्चिम बर्लिनमध्ये होती. फोल्कर लुडविग हे मूळचे राजकीय कॅबरे लिहिणारे. साठीच्या दशकात त्यांच्या कॅबरेच्या मंडळींनी मुलांसाठीही नाटकं करायला घेतली. १९७२ पासून या नाटकमंडळीचं नाव ग्रिप्स झालं आणि १९७४ पासून हान्साप्लात्झच्या भुयारी रेल्वे स्टेशनला लागून असलेलं थिएटर तिचं घर. तिथे मोठे नट मुलांच्या भूमिका करतात, वादक प्रत्यक्ष वाजवतात, आणि विषय असतात घर, शाळा, पैसा, परदेशातून कामाला आलेल्या मजुरांची मुलं. ही नाटकं मुलांना बिघडवतात, त्यांना कम्युनिस्ट करतात, असा ओरडा तिथल्या सनातनी राजकारण्यांनी सत्तरीच्या दशकात केला होता. पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावरून किती गदारोळ झाला ते माहीत असणाऱ्याला हे सगळं घरचंच वाटेल.

आणि ‘घाशीराम’मधले नाना फडणवीस, म्हणजे डॉ. मोहन आगाशे, हेच ग्रिप्सला पुण्यात घेऊन आले. ते मानसोपचारतज्ज्ञ. मुलाच्या मनात काय चालतं हे त्यांना नट म्हणून आणि डॉक्टर म्हणूनही खुणावलं असणार, असा माझा अंदाज. मॅक्स म्युलर भवन ही जर्मन सांस्कृतिक संस्था पाठीशी उभी राहिली. लुडविग यांच्या ‘माक्स उंड मिली’ला श्रीरंग गोडबोले यांनी मराठी घर, मराठी आई-बाप आणि मराठी भांडणं दिली; तेच ‘छान छोटे वाईट्ट मोठ्ठे’. २००४ साली डॉ. आगाशे यांना गटे पदक मिळालं, ते या सगळ्याची दखल घेऊनच.

यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. बर्लिनहून नटसंच आला, दोन प्रयोग झाले, हारतुरे झाले आणि मंडळी परत गेली, असं इथे झालं नाही. दिग्दर्शक आला आणि राहिला. त्याने दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या नटांबरोबर नाटक उभं केलं. तो गेल्यावर नाटक इथेच राहिलं, आणि ते कसं करायचं याची रीतही.

माझ्यापर्यंत पोचली ती ही रीत, दुसऱ्या पिढीच्या हातून. कॉलेजसाठी पुण्यात आले आणि शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर महाराष्ट्र कल्चरल सेंटरची ग्रिप्स नाटकं पाहायला लागले. पुढे अशाच एका नाटकात मला आठ वर्षांच्या मुलाची भूमिका मिळाली. आम्हाला शिकवणाऱ्या ताईंचा पहिला नियम होता: बोबडं बोललात तर घरी जायचं. ओठांचा चंबू नाही, मान वाकडी करणं नाही, उड्या मारत चालणं नाही. ‘मूल स्वतःला गोड समजत नाही, तुम्ही त्याला गोड समजता,’ असं त्या म्हणायच्या. मग आम्हाला मधल्या सुट्टीत शाळेबाहेर उभं केलं जायचं. मूल डबा उघडताना आधी शेजारच्याचा डबा बघतं. मार खाल्लेलं मूल रडण्याआधी आजूबाजूला नजर टाकतं, कुणी पाहिलं का म्हणून. खोटं बोलताना ते हलत नाही, मोठी माणसं हलतात. हे सगळं अंगात मुरवायचं आणि मग संवाद म्हणायचे. मी पुढे मोठ्यांची नाटकं केली, मालिका केल्या. अभिनय म्हणून जे काही मला येतं, ते त्या फुटपाथवर आलं.

आणि प्रयोगानंतरच्या गप्पा! मुलं थेट आमच्याशी नाही, आमच्या पात्रांशी बोलायची. एकदा एका मुलीने नाटकातल्या बाबांना विचारलं, ‘तुम्ही सॉरी कधी म्हणणार?’ नाटक संपलं होतं, मेकअप निम्मा उतरला होता, आणि तो नट बिचारा काय बोलावं ते न सुचून उभा. मागच्या रांगेतले काही खरे बाबा चपला शोधायला लागले. एखाद्या समीक्षकाने आमच्यावर पानभर लिहिलं असतं तरी त्याची सर या प्रश्नाला आली नसती.

दुसऱ्या तऱ्हेची देवाणघेवाणही मी पाहिली आहे. एका शिष्टमंडळाबरोबर मी परदेशातल्या महोत्सवाला गेले होते. नऊवारी, लेझीम, ढोल, वीस मिनिटांचा कार्यक्रम, मग बस, मग दुसरं गाव. तिथल्या एकाही कलावंताबरोबर बसून चहा प्यायला वेळ नव्हता. फोटो मात्र भरपूर निघाले. आमच्यातला ढोलकीवाला फार वरच्या दर्जाचा होता. यजमान देशातल्या कुणा तालवाद्यवाल्याबरोबर त्याला आठवडाभर एका खोलीत सोडलं असतं तर दोघांचंही भलं झालं असतं. तेवढी सोय करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढे बर्लिनला जायचा योग आला तेव्हा हान्साप्लात्झला जाऊन ‘लीनिए आइन्स’ पाहिलं. याचेही लेखक लुडविग, मूळ दिग्दर्शक कोल्नेडरच, आणि सालही १९८६च. गावाकडून पळून आलेली मुलगी आपल्या गायक प्रियकराला शोधत शहरातल्या एक नंबरच्या मेट्रोने फिरते, आणि डब्यात तिला सगळं शहर भेटतं. मूठभर नट टोप्या आणि कोट बदलत कितीतरी माणसं उभी करतात. पुण्यात शिकलेली रीत मला तिथे पावलोपावली ओळखू येत होती.

हेच नाटक किम मिन-गी यांनी १९९४ साली सोलमध्ये कोरियन भाषेत केलं. हे गीतकार आणि गायक, ज्यांच्या गाण्यावर तिथल्या हुकूमशाहीत बंदी आली होती. त्यांनी नाटक पार सोलचं करून टाकलं. मेट्रो सोलची, माणसं सोलची. २००८ पर्यंत त्याचे चार हजार प्रयोग झाले. हजाराव्या प्रयोगानंतर लुडविग यांनी मानधन घेणंच सोडून दिलं: नाटक आता तुमचं झालं. आपल्या संहितेतला स्वल्पविराम हलला तरी नोटीस धाडणारे लेखक मला माहीत आहेत, म्हणून हे विशेष.

मॅक्स म्युलर भवनासारखी परदेशी सरकारच्या पैशावर चालणारी संस्था आपल्या देशाचं नाव व्हावं म्हणूनच हे करते, असं एक मित्र मला ऐकवतो. करते की. त्या पैशातून पुण्यातल्या मुलांना त्यांची स्वतःची नाटकं मिळाली. या सौद्यात आपलं नुकसान कुठे झालं, हे त्याने मला अजून दाखवलेलं नाही.

ऋण फेडायचं तर ते बर्लिनला परत करून चालणार नाही, त्यांना त्याची गरज नाही. आपल्याकडेही देण्याजोगं आहे. ‘घाशीराम’मधला माणसांचा पडदा कसा हलतो, कीर्तनकार एकटा तासन्‌तास सभा कशी धरतो, दशावतारी नट लिहिलेल्या संवादांशिवाय रात्र कशी काढतो. काठमांडूचा किंवा नैरोबीचा एखादा तरुण दिग्दर्शक हे शिकायला दोन महिने येऊन राहिला, तर त्याच्या मुक्कामाचा, जेवणाचा, तालमीच्या जागेचा खर्च कोण करणार? आपल्याकडे अनुदान प्रवासाला मिळतं, राहायला सहसा मिळत नाही. सांस्कृतिक खात्याला, महानगरपालिकांना आणि नाट्यसंस्थांना माझं सांगणं एवढंच आहे: पुढच्या वर्षी एका शिष्टमंडळाची तिकिटं कमी काढा आणि त्या पैशात एका परक्या कलावंताला कोल्हापुरात, कुडाळात नाहीतर पुण्यात दोन महिने ठेवून घ्या. जेवायला तो माझ्याकडे आला तरी चालेल.