हवेने वाचलेलं मराठी

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे माझं गाव. इथली यादवकालीन देवळं पाहायला लांबून अभ्यासक येतात. दगडावर दगड बसवलेला, मध्ये चुन्याचा थेंब नाही, आणि सांधा इतका नेमका की नख शिरत नाही. लहानपणी त्या सांध्यांवरून बोट फिरवायचो. पुढे पुण्यातल्या एका छापखान्यात मोनोवर, म्हणजे छपाईची अक्षरं (खिळे) ओतणाऱ्या मोनोटाईप यंत्रावर, कामाला लागलो. शिशाच्या खिळ्यांची पहिली ओळ तयार होऊन समोर आली, तेव्हा बोटाला तोच सांधा आठवला. देवळाचा दगड पाथरवटाने घडवला होता. ही ओळ कागदाच्या भोकांतून गेलेल्या हवेने घडवली होती.

हवेच्या ताकदीचं आम्हा गावाकडच्यांना नवल नसतं. लोहाराचा भाता आम्ही ओढलेला असतो, देवळातल्या भजनात पेटीचा भाता हलताना पाहिलेला असतो. पण भात्याला वाचायला शिकवता येतं, हे मला छापखान्यात कळलं.

त्याची सोपी रीत आधी सांगतो. शिकागोच्या अमेरिकन ऑटोमॅटिक टाईपरायटर कंपनीने ‘ऑटो-टायपिस्ट’ नावाचं यंत्र काढलं होतं. आपोआप वाजणाऱ्या पिआनोचंच तंत्र त्यात टाईपरायटरला लावलेलं. भोकं पाडलेला कागद एका पितळी पट्टीवरून सरकतो. पट्टीत बारीक छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रामागे एक नळी. कागदातलं भोक छिद्रासमोर आलं की नळीत हवा शिरते, त्या कळीचा चिमुकला भाता मिटतो आणि कळ खाली ओढली जाते. एकच पत्र शेकडो लोकांना पाठवायचं असलं, तर टंकलेखिका नाव-पत्ता हाताने मारायची आणि बाकीचा मजकूर यंत्र टंकून टाकायचं. प्रत्येक पत्र खरंखुरं टंकलेलं, कुठलंही छापील परिपत्रक वाटत नसे.

मोनोटाईपचं काम याच घराण्यातलं, पण फार खोल. टॉल्बर्ट लॅन्स्टन हा अमेरिकेतल्या पेन्शन कचेरीतला कारकून. त्याने १८८७ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. यंत्रं दोन. पहिला कीबोर्ड, त्यावर ऑपरेटर मजकूर मारतो, पण अक्षर एकही उमटत नाही. दाबाखालची हवा कागदाच्या पट्टीला फक्त भोकं पाडते. दुसरा कास्टर, तो ती पट्टी वाचतो आणि वितळलेल्या धातूतून एकेक खिळा ओततो. पट्टीत भोकांच्या ३१ जागा. एका अक्षराला साधारण दोन भोकं: एक आडव्या ओळीचं, एक उभ्या ओळीचं. कास्टरमध्ये अक्षरांच्या साच्यांची चौकट असते, जुन्या चौकटीत १५ गुणिले १५, म्हणजे २२५ घरं. भोकातून हवा गेली की तिथली पिन वर उठते आणि सरकती चौकट तिथेच अडते. हवं ते घर ओतणीच्या तोंडावर येतं. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा सुमारे ३५० अंश सेल्सिअसचा रस आत घुसतो, पाण्याने गार होतो आणि खिळा बाहेर पडतो. मिनिटाला दीडशेच्या आसपास. कास्टरपाशी उभं राहिलं की कानात एकच ठेका बसतो. रात्री झोपेतही तो चालू राहायचा.

मला सर्वांत सुंदर वाटतं ते ओळीचं गणित. ओळीच्या दोन्ही कडा सारख्या हव्या असतील, तर उरलेली जागा शब्दांमधल्या फटींत समान वाटली पाहिजे. पण किती उरली, हे ओळ संपत आल्याशिवाय कळत नाही. कीबोर्ड प्रत्येक अक्षराची रुंदी मोजत जायचा. ओळ भरत आली की घंटी वाजायची. मग समोरच्या ढोलावर काटा दाखवील ते दोन आकडे पाहायचे आणि त्यांच्या लाल कळा दाबायच्या. हा हिशेब पट्टीवर ओळीच्या शेवटी पडतो. कास्टरला मात्र तो पहिल्या फटीच्या आधीच हवा असतो. म्हणून कास्टर पट्टी उलटी वाचतो, शेवटाकडून सुरुवातीकडे. अख्ख्या लेखातला पहिला ओतला जाणारा खिळा म्हणजे लेखाचा शेवटचा पूर्णविराम. अडचणीवर इतकं साधं उत्तर मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेलं नाही.

आता यात मराठी बसवायचं. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, उकार, रफार, सगळ्यांना घर पाहिजे आणि घरं मोजकी. एखादं अनवट जोडाक्षर चौकटीत नसलं, तर त्याची जागा राखून पुढे जायचं आणि खिळा मागाहून हाताने घालायचा. मोनोचा प्रत्येक खिळा सुटा, म्हणून हे जमायचं. प्रुफातली चूकही चिमट्याने एक खिळा काढून दुरुस्त व्हायची. टाईपरायटरवरही हीच कसरत. रेमिंग्टन मांडणीत ‘ण’ अर्धाच मिळतो, त्याला काना जोडावा तेव्हा तो पूर्ण होतो. माझ्या गावाचं नाव मारून पाहा: च, काना, र, ठ, काना, अर्धा ण, त्याचा काना, आणि वर आणखी एक काना. आठ ठोके. मराठीत विचार करणाऱ्या माणसाच्या बोटांनाच ही फोड सुचते. यंत्राला ‘चारठाणा’ कळत नाही, त्याला फक्त भोक आहे की नाही एवढंच कळतं. भाषेची सगळी जाण ऑपरेटरच्या बोटांत असायची, आणि ती भोकांच्या रूपाने कागदावर उतरायची.

या कसरतीचा सर्वांत मोठा हंगाम म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. आमच्यासाठी दिवाळी म्हणजे श्रावणापासून सुरू होणाऱ्या रात्रपाळ्या. हस्तलिखितं उशिरा यायची, आणि अंक मात्र वेळेवर निघायचा. त्या दिवसांत कथा-कवितांच्या भोकपट्ट्यांच्या शेकडो रिळांना मी हात लावला. एकदा रीळ उजेडासमोर धरलं, तर भिंतीवर ठिपक्यांची रांगोळी उमटली. एका लेखकाची अख्खी कथा त्या ठिपक्यांत होती. खिळे छपाईनंतर पुन्हा वितळायचे; पट्टी मात्र जपून ठेवली, तर वर्षांनी तीच कथा नव्या शिशात पुन्हा ओतता यायची. आज आपण ज्याला साठवलेला मजकूर म्हणतो, तो मराठीत असा कागदाच्या भोकांत साठवलेला होता, संगणक यायच्या कितीतरी आधी.

मग संगणकावरची जुळणी आली. ती यायलाच हवी होती. तिने मराठी अक्षराला घरांच्या बंधनातून सोडवलं. पण आमच्या छापखान्यातले कास्टर भंगारात गेले आणि रिळांची पोती रद्दीच्या भावाने गेली. त्या दिवशी दारात टेम्पो उभा होता. मी एक रीळ मागून घेतलं. ते आज चारठाण्याच्या घरी, फळीवर आहे. त्यात कोणाचा मजकूर आहे हे मला आठवत नाही, पण भोकं मोजत मी तो सावकाश वाचतो आहे. आत्तापर्यंत अकरा ओळी लागल्या आहेत.

आमच्या गावातल्या देवळांचे किती दगड लोकांनी पायऱ्यांना आणि भिंतींना वापरले, हे गावकऱ्यांना ठाऊक आहे. गेल्यावर हळहळ वाटते, पण सांधा पुन्हा जुळत नाही. वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या ओळखीच्या जुन्या छापखान्याच्या माळ्यावर भोकं पाडलेल्या कागदाचं एखादं रीळ असेल, साच्यांची चौकट असेल, तर ते विकू नका. जवळच्या ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाला द्या, आणि सोबत एका चिठ्ठीवर लिहा: हे मराठी आहे.