पायांचे माप

आमच्या आजोबांना गावच्या वाड्यापुढून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. इतिहासाच्या तासाला आम्ही हे सांगतो, तेव्हा मुले नकळत आपल्या पायांकडे पाहतात.

एका पावसाळ्यात वसतिगृहातील दुसरीचा एक मुलगा लंगडताना दिसला. बूट काढविला, तर अंगठ्याचे नख मांसात रुतून पू धरला होता. तो म्हणाला, "बाबांनी उचलीच्या पैशांतून आणलेत, सर. लहान झाले म्हणून कसं सांगू?" रोज परिपाठाला आम्ही त्याच्या बुटांचे पॉलिश तेवढे पाहत होतो. आतला पाय पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी, पाय किंचित फुगलेले असतात अशा सायंकाळच्या वेळी, आम्ही प्रत्येक मुलाला कागदावर उभे करून दोन्ही पायांभोवती रेघ ओढतो. मोठ्या पायाचे माप धरतो. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवतो. नखे सरळ कापतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या करवून घेतो. पालकांनीही ध्यानी घ्यावे : 'पुढच्या वर्षीही चालतील' म्हणून घेतलेले फार मोठे बूटही पायाला इजाच करतात.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांसह चवदार तळ्याकडे हजारो पावले चालली. त्या पावलांचे ऋण आमच्यावर आहे. ते फेडायचे, तर आमच्या लेकरांच्या पायांत वहाण असून भागणार नाही. ती त्यांच्या मापाचीही असली पाहिजे.