अब्बांची होडी

नारळी पौर्णिमा जवळ आली की अब्बा दोन दिवस यंत्रमाग बंद ठेवून कामवारीच्या काठी जात. आमची शिडाची छोटी होडी तिथे झावळ्यांखाली उपडी असे. मेच्या उन्हाने उघडलेल्या फटींत मी मागावर उरलेलं सूत ठासायचो. अब्बा वरून राळ आणि तेल कढवून लावत. शिडाला अम्मी ठिगळं घाली. 'बिस्मिल्ला' म्हणून होडी लोटली, तरी पहिल्या दिवशी ती गळायचीच. मी घाबरायचो. अब्बा म्हणत, "पिऊ दे पाणी. लाकूड फुगलं की फटी मिटतात. कोरडी ठेवली तर मात्र कायमची तडकेल."

मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल झाली. त्या वर्षी होडीकडे जायला कुणाचं मन होईना. पौर्णिमेआधी अब्बांचे जुने आगरी मित्र तेलाचा डबा घेऊन दारात आले. दोघांनी फारसं न बोलता होडी तयार केली. पाण्यात लोटताच ती गळू लागली.

"पिऊ दे पाणी," या वेळी काका म्हणाले.

आज कामवारीत सांडपाणी वाहतं, होडीही राहिली नाही. दोन्ही घरांचं येणं-जाणं मात्र चालू आहे.