मंडप साहेबांचा, संडास कुणाचा?

मुंबई महानगरपालिकेची निवडणूक आली की आमच्या वस्तीला पाहुणे फार. मधल्या काळात मात्र कुणी फिरकत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत मतदान झाले. त्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचाच कारभार चालला. पुढचे मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. एवढ्या वर्षांत आमच्या पोरी लहानाच्या मोठ्या झाल्या, पण सार्वजनिक संडासाला दरवाजे काही लागले नाहीत.

आम्ही महिला मंडळाच्या बाया. कुणी धुणीभांडी करतो, कुणी झाडूखात्यात आहोत, कुणी घरी बसून मणी ओवतो. रविवारी विहारात वंदना झाली की संसाराच्या गोष्टी निघतात, आणि त्यात संडास येतोच. पहाटे अंधारात पोरीबाळींना घेऊन जायचे, एकीने आत बसायचे आणि दुसरीने बाहेर चादर धरून उभे राहायचे. आजारी बाईने काय करावे? वयात आलेल्या मुलीने काय करावे?

आमचे नगरसेवक तसे गोडबोले. १४ एप्रिलचा मंडप त्यांचा, मिरवणुकीचा ट्रक त्यांचा. विहाराच्या पायऱ्यांना लादी बसली तीही त्यांच्या ‘अथक प्रयत्नांतून’, असा बोर्ड आहे. त्या बोर्डावर बाबासाहेबांपेक्षा साहेबांचा फोटो मोठा! लादीचा पैसा नगरसेवक निधीतला, म्हणजे पालिकेच्या तिजोरीतला. पण बोर्ड वाचणाऱ्याला वाटावे, साहेबांनी घरचे दागिने मोडले.

साहेबांना हिशोब विचारायचे ठरले तेव्हा पहिली अडचण घरातूनच आली. जयंती मंडळाची मुले म्हणाली, ‘‘यांना चारचौघांत संडासाचे विचाराल, तर पुढच्या वर्षी मंडप कोण देणार?’’ मुलांचा राग आला नाही. जयंती थाटात व्हावी असे कुणाला वाटत नाही? पण आमच्या सासवांनी कंदिलाच्या उजेडात, आण्याआण्याची वर्गणी काढून जयंती केली होती. ती कमी मोठी नव्हती. मग आम्ही मुलांना महाड सांगितले. १९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. तेव्हा, पोरांनो, नगरपालिकेचा कागद खरा की खोटा हे तपासायला आपली माणसे पहिल्यापासून जात आलेली आहेत. बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. घरटी पन्नास रुपये वर्गणी ठरली, तेव्हा कुठे मुले उठली.

आमच्यातल्या एका दहावी शिकलेल्या सुनेने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून तो विभाग कार्यालयात दिला. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना कायद्याने भाग आहे. उत्तर आले. त्यात २०१९ मध्ये आमच्या संडासाची दुरुस्ती ‘दरवाज्यांसह पूर्ण’ झाली होती. आम्ही तो कागद वहीत चिकटवला.

मधेच आरक्षणाची सोडत निघाली. मुंबईच्या २२७ पैकी ११४ जागा महिलांच्या. आमचा वॉर्डही महिलांसाठी निघाला आणि साहेबांच्या पत्नी उमेदवार झाल्या. पोस्टरवर मात्र हात जोडलेले साहेबच पुढे, वहिनी मागे.

प्रचाराला आले तेव्हा विहारात बसू म्हणाले. विहारात प्रचार नको, म्हणून आम्ही बाहेर पिंपळाखाली सतरंजी टाकली. वही वाचायला घेतली तसे साहेब म्हणाले, ‘‘ताई, बावीसनंतर मी नगरसेवक नव्हतोच. प्रशासक होता.’’

बरोबर होते ते. आम्ही म्हटले, ‘‘साहेब, बावीसनंतरची पाने तुम्हाला वाचून दाखवतच नाही. हा कागद एकोणीसचा आहे.’’

साहेब कंत्राटदारावर घसरले, मग अधिकाऱ्यांवर. मग म्हणाले, विरोधकांनी तुम्हाला फूस लावली. तेव्हा आमच्यातली सर्वांत थकलेली आजी उठली आणि म्हणाली, ‘‘साहेब, तुम्ही बसा जरा. उभ्या वहिनी आहेत, वहिनींना बोलू द्या. चला वहिनी, दाखवते.’’

वहिनी आल्या. नाकाला पदर लावून त्यांनी सहाही खोल्या पाहिल्या. एकीत आमची पोर होती, बाहेर तिची आई चादर धरून उभी. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, ‘‘मला हे घरी कुणी सांगितलं नव्हतं.’’ वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, निवडून आले तर तीन महिन्यांत दरवाजे. खाली सही केली. दुसऱ्या पक्षाच्या उमेदवार आल्या, त्यांच्याही सह्या घेतल्या.

कुणी कुणाला मत दिले हे आम्ही एकमेकींना विचारले नाही, तसे आधीच ठरले होते. १६ जानेवारीला निकाल लागला आणि वहिनी निवडून आल्या. फेब्रुवारीत त्या पालिकेचा इंजिनियर घेऊन आल्या, या खेपेस साहेबांशिवाय. सहांपैकी चार दरवाजे बसले आहेत. कड्या मात्र आतून नाहीत, बाहेरून लावल्यात! आम्ही तेही वहीत लिहून ठेवले आहे, तारखेसह.