तळ्यांना वळसा घालणारे रस्ते

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या पश्चिम भागातल्या ऑटर टेल काउंटीत हजाराहून अधिक तळी आहेत. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे प्रचंड तुकडे गाळात गाडले गेले. ते वितळल्यावर उरलेल्या खळग्यांत पाणी साठले. म्हणून इथला रस्ता फार वेळ सरळ धावत नाही. तळे आडवे आले की वळतो, दोन पाण्यांमधली चिंचोळी पट्टी शोधतो. हे वळणच या प्रदेशाचे खरे सौंदर्य.

१९५६च्या कायद्याने देशभर आंतरराज्य महामार्गांचे जाळे पसरले. त्यांपैकी ९४ क्रमांकाचा महामार्ग काउंटीतल्या फर्गस फॉल्स शहराजवळून वेगाने निघून जातो. त्यावरून जाणाऱ्याला बॅटल लेकसारखे गाव दिसतही नाही. तिथे पोचायला २१० किंवा ७८ क्रमांकाचा राज्यमार्ग धरावा लागतो. अशा गावांत राज्यमार्ग हीच बाजारपेठ. उन्हाळ्यात तळ्याकाठच्या घरांत कुटुंबे मुक्कामाला येतात आणि गाव भरून जाते. हिवाळ्यात तळी इतकी घट्ट गोठतात, की त्यांच्यावर खोपटी टाकून, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. वसंतात रस्त्याखालची गोठलेली माती सैल होते, तेव्हा जड वाहनांच्या वजनावर मर्यादा येते.

याच काउंटीतले, ५९ क्रमांकाच्या महामार्गावरचे पेलिकन रॅपिड्स हे गाव जेमतेम अडीच हजार वस्तीचे. तिथल्या टर्की-प्रक्रिया कारखान्यात काम मिळते म्हणून मेक्सिको, बोस्निया आणि सोमालियातून आलेली कुटुंबे याच लहानशा गावात स्थायिक झाली आहेत.