प्रवेश घेण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा येथील पालक आम्हा माजी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारतात : कोणते कॉलेज चांगले? आम्ही नाव सांगत नाही. तीन गोष्टी तपासावयास सांगतो.

पहिली गोष्ट खर्चाची. शुल्क म्हणजे खर्च नव्हे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 2.5 लाख रुपयांच्या आत असेल, तर अनुसूचित जाती, नवबौद्ध व अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकार शिष्यवृत्तीचा आधार असतो. परंतु खोली, खानावळ, एस.टी.चे भाडे यांचे काय? वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार आणि स्वयम् या योजना आहेत. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासाठी वर्षाला 60,000, तर जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये ठरविलेले आहेत. मात्र खानावळवाला महिन्याला पैसे मागतो आणि अनुदान सवडीने येते. आमच्या एका सोबत्याने शुल्काची चिंता नसतानाही खानावळीच्या थकबाकीपायी पहिल्याच वर्षी अभियांत्रिकी सोडली. त्याचे आईवडील तेव्हा गुजरातेत ऊसतोडीला होते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांची तजवीज आधी पाहावी.

दुसरी गोष्ट, किती मुले पदवी घेऊन बाहेर पडतात? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, भाग घेणारी महाविद्यालये आपली माहिती संकेतस्थळावर ठेवतात. किती जणांनी प्रवेश घेतला व किती जण ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, हे तीत असते. शंभरांतील चाळीसच वेळेत उत्तीर्ण झाले असतील, तर उरलेले साठ कोठे गेले, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे. इमारत आणि जाहिरात पाहून हे कळत नाही.

तिसरी गोष्ट, तेथे शिकते कोण? त्याच माहितीत मुली किती, मागास प्रवर्गांतील किती, संपूर्ण शुल्क परत मिळणारे किती, याचेही आकडे असतात. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास होती आणि सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी होती. 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशाचे नोंदणी-प्रमाण 28.4, तर अनुसूचित जमातींचे 21.2 होते. घरी भिली किंवा पावरी, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढणाऱ्या मुलाला वर्गात आपल्यासारखे कोणी असणे, ही मोठी सोबत असते.

येथे एक विवेक राखावा. केवळ नव्वद टक्क्यांची मुले निवडणाऱ्या संस्थेचा निकाल उत्तम लागणारच. घरातील पहिल्या शिकणाऱ्याला घेऊन त्याला पदवीपर्यंत नेणारे महाविद्यालय कमी आकड्यातही अधिक काम करीत असते. म्हणून दुसरा आणि तिसरा आकडा नेहमी एकत्र वाचावा.

बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. दार उघडण्याचे काम त्यांनी केले. आत गेलेला मुलगा पदवी घेऊनच बाहेर यावा, हे पाहणे आपल्याकडे आहे.

माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती : आपल्या पहिल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च आणि सोबतच्या किती जणांनी शिक्षण सोडले, हे कागदावर लिहून शाळेकडे पाठवा. पुढच्या जूनमध्ये ते कागद पालकांच्या हाती देता येतील.